पाचवी पायरी

बोडीटोला, ता. गोरेगाव
२५ ऑगस्ट

मोना,

आशीर्वाद तर आहेच, पण आधी शिव्या ऐक.

हे पत्र डाकघरची नूतन लिहून राहिली. मी बोलून राहिली अन् ती मधात मधात विचारते, "आजी, हेही लिहू का?" मी म्हटलं, लिही, लाज माझी आहे. फोनवर काऊन नाही सांगितलं म्हणशील. फोन तुझ्या बकाराम काकाच्या खिशात. तो बाजूले उभा राहून सारं ऐकते, अन् तू "आजी, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देते. कागदाले मीटिंग नसते.

तू जूनमध्ये आली, तळ्याचं पाणी सोडायच्या तुडमावर खांब गाडला, त्याले तो डोळा टांगला. डोळा पाणी मोजते, मोजून ढगात पाठवते, ढगातून तुझ्या पुण्याच्या पडद्यावर जाते, अन् पाणी धोक्याच्या रेषेवर गेलं की आपल्या शाळेवरचा भोंगा बोंबलते. बरोबर सांगितलं का? नूतन म्हणते बरोबर आहे. तळं आमच्या उशाशी अन् त्याची खबर पुण्याहून! मी तेव्हा हसली नाही, तुझं तोंड पाहून.

तर पोळ्याची गोष्ट. बैल धुवायले तुडमाच्या पायऱ्यांवर नेले. तिथंच नेतात, तुले माहीत आहे. आपला पांढऱ्या पाण्यात उभा राहिला, नेमका तुझ्या डोळ्याखाली. डोळ्याले काय माहीत वशिंड कशाले म्हणतात? त्याले वाटलं, पाणी चार फूट चढलं. भोंगा असा बोंबलला की चाळीसही घरं देवीच्या टेकडीकडं पळत सुटली. ओमेशची आई तर करंज्यांची कढई हातात घेऊनच पळाली. पांढऱ्या दावं तोडून धानात शिरला, पाय मुरगळला, तोरणाखाली उभा राहू शकला नाही. बकाराम रात्री जेवला नाही.

आता चावडीवर एकच नाव चालू आहे, रुख्माच्या नातीची मशीन. ओमेश म्हणते, आणखी एकदा खोटी बोंबलली तर गोटा घालतो. मले टोल्याचं तोंड बंद करता येत नाही. पण कोणाचं तरी तोंड बंद केलं पाहिजे, असं वाटून राहिलं.

खाली अंगठा आहे. नूतन म्हणते पत्राले अंगठा लागत नाही. मी म्हटलं, जन्मभर ज्या कागदांवर अंगठा दिला त्यातला एकही मले वाचता आला नाही. यातलं तरी सारं मले माहीत आहे.

तुझी आजी रुख्मा


पुणे
२९ ऑगस्ट

आजी,

पाया पडते. तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. कढईपाशी हसले, पांढऱ्याच्या पायापाशी हसू थांबलं.

चूक माझी. इथे शहरात आम्ही हेच सेन्सर नाल्यांवर लावले आहेत. नाल्यात कोणी बैल धुवत नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी वाढले त्याच पायऱ्यांवर!

आता दुरुस्त केलं आहे. आकडा एकदम उसळला तर मशीन तो सोडून देईल. हळूहळू चढत गेला तरच भोंगा वाजेल. वीस सप्टेंबरला मोठे अधिकारी आमच्या स्क्रीनवर बोडीटोल्याचं तळं बघणार आहेत. त्यांना पटलं तर आपल्याकडच्या आणखी चाळीस तळ्यांवर असे खांब लागतील. माझ्यासाठी ते किती मोठं आहे, तुला सांगायला नको.

काकाला सांग, आता रोज तळ्याच्या बांधावर, पारीवर, चढायची गरज नाही. त्याचे गुडघे दुखतात. त्याच्या फोनवर रंग दिसतो: हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे लक्ष ठेव, लाल म्हणजे पळ. आणि तू तर मुळीच चढायचं नाहीस. मागच्या वर्षी पडलीस तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होतास.

भोंगा नीट आहे ना? कोणाला तरी एकदा बघायला सांग. बाकी सगळं माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी फक्त तो भोंगा आहे.

मोना


बोडीटोला
३ सप्टेंबर

मोना,

तुझं पत्र बकारामले वाचून दाखवलं. त्याले सुटी पाहिजेच होती, तू शिक्का मारून दिला. पाणकर आहे तो, साऱ्या टोल्यानं तळं त्याच्या हवाली केलं आहे. तुझा आजा पाणकर होता तेव्हा रोज उजाडता अनवाणी पार चालायचा. जोडा घातला की माती बोलत नाही म्हणे. तुझा काका आता कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा पीत पार चालते, बोटानं.

आज्यानं सारी उमर पारीवर काढली अन् हाक एकदाच दिली. पाणकराची हाक आली की घरटी एक माणूस, एक टोपलं माती, एक भारा तणीस, फुटती पार बुजवायले. जेवता जेवता उठायचं, काऊन म्हणून विचारायचं नाही. त्या वर्षी टोला त्या हाकेनं वाचला. बकारामनं अजून एकदाही दिली नाही. मले वाटते, त्याले येतच नाही.

भोंग्याची काळजी नको करू. गुणी लेकरासारखा चूप आहे.

एक सांग. पोळ्याले तुडमाच्या तीन पायऱ्या कोरड्या होत्या. आता चार झाल्या म्हणतात. कोण म्हणते ते विचारू नको. मधात दोन दिवस पाऊस झाला. तुडूम बंद आहे, धानाच्या बांध्यांत पाणी सोडलं नाही. मग पाणी गेलं कुठं? तुझ्या ढगाले विचारून पाह्य.

आजी

(मोनाली, मी नूतन. हे आजीला वाचून दाखवलेलं नाही. पायऱ्या मोजणारी आजीच आहे. रोज उजाडता काठी टेकत पारीवर जाते. मला म्हणाली, पत्रात लिहायचं नाही. म्हणून पत्रात लिहिलं नाही, पत्राखाली लिहिलं.)


पुणे
८ सप्टेंबर

आजी,

पाणी उतरलं ही तर चांगली बातमी आहे! माझ्या स्क्रीनवर तळ्याची रेघ रोज बोट-दोन बोटं खाली येते आहे, चकचकीत हिरवी. साहेबांनी तिचा फोटो काढून वरच्यांना पाठवला. पुण्यात नाल्याचं पाणी उतरलं की आम्ही चहा मागवतो, आणि तू मला विचारतेस पाणी गेलं कुठं! ऊन पडलं की तळं आटतं, हे तूच मला लहानपणी सांगितलंस.

पायऱ्या कोण मोजतं तेही कळलं. शेवाळलेले दगड, वय पंच्याहत्तर आणि हातात आवळ्याची काठी. पुन्हा गेलीस तर काकाला काठीच लपवायला सांगेन. शब्द मोडणाऱ्या माणसाशी मी यापुढे थोडंच बोलणार आहे.

आणि भोंगा चूप आहे हे कळलं. मी विचारलं होतं, नीट आहे का. त्याचं उत्तर दिलं नाहीस.

मोना


बोडीटोला
१२ सप्टेंबर

मोना,

नूतन फितूर झाली हे कळलं. तरी लिहून तिच्याकडूनच घ्यावं लागते. अक्षरं तिच्याजवळ आहेत, मी रुसून जाऊ कुठं?

आज टोमणे एवढेच.

पाचवी पायरी कोरडी पडली. काल दिवसभर पाऊस होता, तरी पडली. मी पारीच्या मागच्या अंगाले उतरली, शिंदीच्या झाडाखाली. पायाले एकदम गार लागलं. वीतभर जागेतून पाणी निघून राहिलं. तुझा आजा म्हणायचा, पारीतून निवळ पाणी पाझरलं तर पाहुणा, गढूळ आलं तर चोर. परवा निवळ होतं. मी कोणाले बोलली नाही, पाहुणा आहे म्हटलं, जाईल. आज ओंजळीत घेतलं तर बोटांत माती राहिली. पारीची माती आतून वाहून चालली, मोना. वरून काहीच दिसत नाही. वर गवत डुलते.

बकारामले सांगितलं. त्यानं फोन माझ्या तोंडापुढं धरला. म्हणे, "माय, हिरवं आहे ना!" मी म्हटलं, शेवाळही हिरवं राहते, पाय ठेवून पाह्य. त्याले राग आला, कोहमाऱ्याले निघून गेला.

तू पाणी उतरलं म्हणून खूश आहे. मले सांग, कोठीतला धान कमी झाला अन् घरात कोणी काढला नाही, तर आपण खूश होतो का उंदराचं बीळ शोधतो?

नागझिऱ्याकडून आभाळ काळं भरून आलं आहे. आज पडला तर कालच्याहून जास्त पडेल. पारीखाली चाळीस घरं आहेत. ओमेशच्या सुनेले नववा महिना लागला आहे. मी कोणाले सांगितलं तर म्हणतील, नातीची मशीन झाली, आता आजी बोंबलून राहिली.

तू सांग यायले. तुझं ऐकतील, तू शिकलेली आहेस.

आजी

(डाकेत टाकलं तर तीन दिवस लागतील. फोटो काढून फोनवर पाठवते आहे. अकरा वाजलेत. मीही शिंदीखाली जाऊन हात घालून आले. आजी खोटं बोलत नाही. नूतन)


पुणे
१२ सप्टेंबर, दुपारी एक

नूतनताई, हे आजीला आणि मग चावडीवर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आजी, तुझंच बरोबर आहे.

पावसाचे आकडे आमच्याकडे वेगळ्या पानावर असतात. आज पहिल्यांदा मी दोन्ही पानं शेजारी ठेवली. काल तुमच्याकडे तीन इंच पाऊस पडला आणि तळं चार बोटं उतरलं. मी मशीनला एकच प्रश्न शिकवला होता, पाणी चढलं का. गेलं कुठं, हे विचारायला शिकवलंच नाही. तो हिरवा रंग मीच दिलेला आहे.

तालुक्याला कळवलं. माणसं निघतील, पण वाटेतल्या नाल्यावरून पाणी चाललं आहे, पोचायला संध्याकाळ होईल. काकाला फोन केला. तोही म्हणाला, हिरवं आहे ना. त्याला म्हटलं, काका, रंगाकडे बघू नकोस, घरी जा.

तीन वाजता मी इथून भोंगा वाजवते. मशीनची वाट न बघता, माझ्या हाताने. तो वाजला की म्हाताऱ्या, लेकरं, गुरं, सगळी देवीच्या टेकडीवर. ओमेशदादाची सून आधी. आजी, तू तिच्याबरोबर. माझ्यावर विश्वास नसेल तर नसू दे, भोंग्यावर ठेवा. तो वाजेलच.

मोना


बोडीटोला
१६ सप्टेंबर

मोना,

फोनवर तू विचारलं, "आजी, भोंगा वेळेवर काऊन नाही वाजला?" मी म्हटलं, आवाज येत नाही, अन् फोन बकारामले दिला. आवाज चांगला येत होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, सारे मंदिरापुढं होते, पोरं लाकडी बैल घेऊन. शाळेत कोणी नव्हतं. मी आंबे पाडायची आकडी घेतली अन् माझं जुनं लुगडं, सारं नऊ वार, त्या भोंग्याच्या तोंडात कोंबलं. तो आणखी खोटा बोंबलला असता तर ओमेशनं गोटा घातला असता, अन् तुझं नाव साऱ्या तालुक्यात गेलं असतं. मी तुझी अब्रू झाकून राहिली होती. आपण टोल्याचंच तोंड दाबलं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. अन् तू दोनदा विचारलं, मी दोनदा लपवलं.

त्या दिवशी नूतननं चावडीवर तुझं पत्र वाचलं. अर्धे हसले, अर्धे म्हणाले, बरं, भोंगा वाजू दे, मग पाहू. सारे शाळेपुढं येऊन उभे राहिले. बकारामही कोहमाऱ्याहून आला होता, तोंड फिरवून उभा. नूतन घड्याळ पाहत होती. तीन वाजले. भोंगा नुसता "हूं" म्हणाला, मुसकं बांधलेल्या गोऱ्ह्यासारखा.

ओमेश म्हणे, "झालं? चला रे घरी."

ज्या तोंडाले सारा टोला भेते त्याच तोंडानं मले माझी लबाडी सांगायची होती. मी म्हटलं, "थांबा. त्याच्या तोंडात माझं लुगडं आहे."

बकारामनं आकडी आणली, लुगडं ओढून काढलं, हात हात लांब, साऱ्या टोल्यापुढं. भोंगा सुटला. कानठळ्या बसल्या. अन् तरी कोणी हललं नाही, मोना! ओमेश म्हणे, "पोळा होऊन गेला ना आजी, आता कोणाचा बैल उभा आहे पाण्यात?" ज्यायले हसायचं होतं ते हसले.

मी बकारामचा हात धरला. लहानपणी धरायची तसा, मनगटावर. त्याले पारीमागं नेलं. शिंदीजवळ आल्यावर त्यानं जोडे काढले. मी सांगितलं नव्हतं. पाय ठेवला अन् थांबला. सकाळी वीतभर होतं ते आता सुपाएवढं झालं होतं. खाली वाकला, ओंजळ भरली, पाणी सोडलं, हातात राहिलेली माती पाहत राहिला. माझ्याकडं पाहिलं नाही. पारीवर चढला अन् हाक दिली.

"धावाऽऽ हो! पार चाललीऽऽ!"

आज्याची हाक, जशीच्या तशी. मी खाली चिखलात उभी होती, माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं त्याच्या गळ्यात होती अन् मले माहीत नव्हतं.

भोंग्यावर हसणारा ओमेश पहिलं टोपलं घेऊन धावत आला. काऊन म्हणून कोणीच विचारलं नाही. घरटी एक माणूस, एक टोपलं, एक भारा. बाया लेकरं घेऊन टेकडीवर गेल्या, ओमेशच्या सुनेले खाटेवर नेलं. तुडूम उघडलं, पण पाणी लवकर उतरेना. मग उत्तरेच्या टोकाले पार कापून पाणी काढायचं ठरलं. त्या अंगाले आपल्याच तीन बांध्या, धान गर्भावर आलेला. बकाराम हातात कुदळ घेऊन माझ्याकडं पाहत उभा. मी म्हटलं, "पाहून काय राहिला? मार."

पाऊस दिवेलागणीले आला. तोवर आठ पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. शिंदीजवळची बारा हात पार डोळ्यांपुढं खाली बसली. पण तिच्यामागं तेवढं पाणी नव्हतं. टोल्यात गुडघाभर आलं, घराघरांत शिरलं, चुली विझवल्या. माणूस नेलं नाही, जनावर नेलं नाही. ओमेशच्या आईची ती कढई तेवढी वाहून गेली. या वेळी ती रिकाम्या हातानं पळाली होती.

तालुक्याची माणसं सात वाजता पोचली. ती म्हणाली, दुपारीच पुण्याहून फोन आला होता, म्हणून निघालो. तुझा.

तुझ्या साहेबाले काय सांगायचं ते तू पाह्य. लुगड्याचं सांगितलं तरी चालेल. खालचा अंगठा कबुलीचा समज.

आजी


पुणे
२४ सप्टेंबर

आजी,

दोन दिवस तुझ्यावर रागावून होते. तिसऱ्या दिवशी कळलं, तुझं लुगडं आणि माझा हिरवा रंग यांनी एकच काम केलं. दोघींनी टोल्याला गप्प ठेवलं, आणि दोघींना वाटलं आपण भलं करतोय.

वीस तारखेला अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. वशिंड, हिरवी रेघ, लुगडं. लुगड्यापाशी खोली हसली. मी हसले नाही, मग तेही थांबले. चाळीस तळी आता पुढच्या वर्षावर गेली. साहेब बोलत नाहीत माझ्याशी. तळी लांबणीवर गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण चाळीस तळ्यांवर तोच हिरवा रंग गेला असता, हे मनात आलं की अंगाला घाम फुटतो.

आता तुडूम बंद असताना पाणी उतरलं तर लाल होईल. आणि हिरवं आपोआप होणारच नाही. या पत्राबरोबर एक डबी पाठवते आहे, वर एकच मोठं बटण. काकाला ती पाचव्या पायरीजवळच्या खांबावर बसवायला सांग. पाणकराने पार चालून येऊन बटण दाबलं तरच त्या दिवशी माझ्या स्क्रीनवर बोडीटोला हिरवा. ढाब्यावरून दाबता येणार नाही.

पांढऱ्याचा पाय कसा आहे? बांध्यांचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस.

तू दिलेला शब्द मी परत करते. पण काठी बदल.

मोना


बोडीटोला
१० ऑक्टोबर

मोना,

पांढऱ्या आता टेकून चालते, माझ्यासारखा. बांध्यांत गाळ बसला आहे, औंदा धान नाही. टोल्यानं ठरवलं, घरटी एक पायली आपल्याकडं यायची. ओमेश स्वतः मोजून घेणार आहे. मी म्हटलं, भोंग्यावर हसला म्हणून तुझी दीड पायली. देतो म्हणे.

पारीचं काम चालू आहे. ओमेशच्या घरी नात झाली. टेकडीवरच झाली असती, थोडक्यात राहिली.

तुझी डबी बसवली. बकारामनं माझ्यासाठी पायऱ्यांले बांबूचा कठडा करून दिला. उजाडता दोघं जातो. तो अनवाणी सारी पार चालून येते, मागच्या अंगालेही उतरते, तोवर मी पाचव्या पायरीवर बसून पायऱ्या मोजते. तो येऊन म्हणते, "माय, निवळ आहे." मग बटण मी दाबते. पाणकर तो आहे, पण त्याचे गुडघे वाकत नाहीत अन् डबी त्यानं माझ्या हातापुरती खाली बसवली.

पहिल्या दिवशी नूतननं फोनवर दाखवलं. मी अंगठा दाबला अन् हिरवं झालं. मी म्हटलं, पाह्य ना बाई, साऱ्या उमरीत माझ्या अंगठ्यानं आजच काही वाचता येण्यासारखं लिहिलं.

नूतन म्हणते, पत्राखाली अंगठा द्यायचा राहिला. मी म्हटलं, तो सकाळीच पुण्याले पोचला.

आता एक ध्यानात ठेव. मी काही या पायरीवर जन्मभर बसणार नाही. एखाद्या दिवशी ऊन वर येईल अन् तुझ्या पडद्यावर हिरवं होणार नाही. त्या दिवशी रडत बसू नको. आधी तळं पाह्य, मग मले.

रुख्मा